बिनतिकीट हळद

चोरलेल्या अद्रकाचा चहा त्याच अद्रकाच्या मालकाला पाजणारा दुसरा माणूस वाशिम जिल्ह्यात सापडणार नाही. तो मान माझा आहे. देवमन काकाजींची आणि माझी ओळख त्याच चहानं झाली.

शिरपूरला बसस्टँडच्या मागं मी नवं घर बांधलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. दिवसा शाळेत कारकुनी आणि उरलेल्या वेळात दोन एकर हळद, असा माझा संसार. भिंतीपलीकडं देवमन काकाजी. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मधली भिंत कमरेएवढी. भिंत आणि त्यांचं घर यांच्यामध्ये बारा फूट रुंद, तीस फूट लांब जमिनीची एक पट्टी. या पट्टीवरूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

वास्तुशांतीनंतर दुसऱ्याच दिवशी मी त्यांना चहाला बोलावलं. बायको माहेरी गेलेली. चूल पेटवल्यावर कळलं, घरात अद्रक नाही. भिंतीपलीकडं मात्र अद्रकाचं रान माजलेलं. तीच लांबट पानं, तेच मातीतून डोकं वर काढलेले गाठाळ कंद. मनात म्हटलं, एवढं अद्रक हा माणूस करणार तरी काय? हात लांब करून एक बोट मोडलं, धुतलं, किसलं आणि उकळत्या पाण्यात टाकलं.

काकाजींनी पहिला घोट घेतला आणि तोंडातच ठेवला. संशयाची नोट उजेडाकडं धरावी तशी मान वर केली. मग गिळला.

"बाप्पा, ह्याच्यात सोनटक्का हाय," ते म्हणाले.

"अद्रक आहे, काकाजी."

"अद्रक तुह्या घरी नाई. सकाळी दुकानात इचारून राह्यला होता, मी मांगंच उभा होतो. हे माह्यावालं हाय. भिंतीपासून दुसरं बेट, मोरीकडचं."

मी माझा कप नाकाशी नेला. अत्तर सांडलेल्या साबणाच्या वडीवर गरम पाणी ओतावं, तसा वास होता. इतका वेळ मी त्याला मसालेदार समजत होतो.

"ओतून देतो. दुसरा ठेवतो."

"कायले? सोनटक्क्याचा चहा आतालोक कोनं पेला नसन. पह्यलीच ट्रिप हाय. आपन बसू."

आणि त्यांनी तो अख्खा कप संपवला. वर बशीतला उरलेलाही.

त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं, ते पुढं त्यांनी शंभर जणांना सांगितलेलं मी ऐकलं. "अद्रकाच्या खानदानात दोन घरानी हायेत. एक कामाचं. अद्रक, हळद, इलायची. दुसरं बिनकामाचं. खाता येत नाई, इकता येत नाई, ढोरंबी तोंड लावत नाईत. नुसतं फुलते. माह्याकडं सारं दुसरं." गावानं लगेच त्या पट्टीचं नाव 'बिनकामाचं अद्रक' ठेवलं होतं. पत्ता सांगतानाही लोक तसंच सांगायचे. काकाजींना त्याचा राग नव्हता. उलट पोस्टमननं एकदा नुसतं 'कंडक्टर' म्हणून हाक मारली, तर म्हणाले, "पूर्न पत्ता घे."

देवमन काकाजींना एकदा पाहिलं की माणूस विसरायचा नाही, कारण निवृत्त होऊनही ते बसमधून उतरलेच नव्हते. खांद्याला वर्षानुवर्षं अडकवलेल्या चामडी बॅगेनं डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं खाली आलेला. उभं राहताना पाय फाकवून उभे राहायचे, जणू अंगणाला कधीही ब्रेक लागेल. पाठीला टेकायला खांब, दार, झाड, काहीतरी लागायचंच. लग्नाच्या मांडवात गेले की आधी मागच्या रांगेपासून बोटानं माणसं मोजायचे. मोजून झाल्याशिवाय जेवायचे नाहीत. आणि शर्टाच्या खिशात कायम तो जुना तिकीट पाडायचा पंच. बोलता बोलता त्याची टिकटिक चालू. काकाजी घरात कुठं आहेत, हे मला भिंतीपलीकडून या टिकटिकीवरून कळायचं.

झाडांची नावंही त्यांनी पुस्तकात पाहून ठेवली नव्हती. लांबच्या गाडीवर ड्युटी असताना जिथं जे झाड मिळालं, तिथल्या हकिकतीवरून त्याचं नाव. कोकणात रात्रीचा मुक्काम पडला तेव्हा एका म्हातारीकडून मागून आणलेला सोनटक्का, तो 'मुक्कामवाला'. जिन्यासारखा गोल गोल वळत वर जाणारा पेव, तो 'घाटवाला'. आणि सगळ्यांत लाडकी 'पंक्चरवाली'. सह्याद्रीत कुठंतरी गाडीचं चाक बसलं, ड्रायव्हर चाक बदलत होता, उतारू वैतागले होते आणि काकाजी दरडीत बसून बोटांनी माती उकरत होते. ती रानहळद होती. पावसाळ्यात तिला म्हणे गुलाबी तुरा येतो आणि खालून पिवळी फुलं डोकावतात. काकाजींनी तो तुरा दरडीवर पाहिला होता. आमच्या इथं मात्र तीन पावसाळे नुसती पानं.

प्रत्येक बेटाजवळ प्लास्टिकच्या बादलीची कापलेली एक पट्टी मातीत रोवलेली असायची. तिच्यावर अक्षर एकही नाही. झाड ज्या वर्षी फुलेल, त्या वर्षी काकाजी खिशातून पंच काढून पट्टीला एक भोक पाडायचे. टिक. "तिकीट फाटलं. आता बस म्हना." मुक्कामवाल्याच्या पट्टीची चाळणी झाली होती. पंक्चरवालीची पट्टी कोरी.

या झाडांचा कंद एका जागी बसत नाही. मातीखालून दर वर्षी वीतभर पुढं सरकतो, मागचा भाग म्हातारा होतो आणि कोंब पुढच्या टोकाला फुटतात. काकाजींना या गोष्टीचा केवढा आनंद. "साऱ्या जिंदगीत मी 'पुढं सरका, पुढं सरका' म्हनून घसा फोडला. एक मानूस सरकला नाई. हे पाह्य, न सांगता सरकते."

बागेत मी केलेले गुन्हे मोजायला गेलो तर त्यांच्या पट्ट्या पुरणार नाहीत. एकदा एप्रिलमध्ये शिडी मागायला मी भिंतीवरून उडी मारली. पलीकडं जमीन उघडी, एक पान नाही. मी आरामात उभा राहिलो.

"हालू नको," काकाजी ओसरीवरून म्हणाले.

मला वाटलं साप. मी श्वासही धरला. काकाजी सावकाश आले, माझ्यासमोर उकिडवे बसले.

"आता खाली पाह्य."

माझ्या चपलेच्या दोन्ही बाजूंनी जांभळ्या-पांढऱ्या पाकळ्या बाहेर आल्या होत्या. भुईचाफा. त्याला पानं नंतर येतात, फूल आधी थेट जमिनीतून उगवतं, हे मला कुणी सांगितलं होतं?

"पाय उचलू का?"

"आता उचलला काय अन् नाई उचलला काय, त्याचं व्हायचं ते झालं. पर दोन मिनटं उभा राय. कोनाच्या छातीवर उभा हाय ते तुले समजलं पाह्यजे."

मी दोन मिनिटं उभा राहिलो. घड्याळ त्यांनी लावलं होतं. शिडी मिळाली नाही.

आणि कूलरची गोष्ट तर गावभर झाली. मे महिन्यात आमच्याकडं दुपारी कावळासुद्धा विचार करून उडतो. त्या दिवसांत सोनटक्क्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. काकाजींनी घरातला कूलर उचलला, खिडकीत उलटा बसवला आणि गार हवा बाहेर बागेकडं सोडली. आत कमलाकाकू पदरानं वारा घेत होत्या. मी गेलो तर त्या भिंतीशी बोलल्यासारख्या म्हणाल्या, "एकतीस वर्सं संसार केला. मी पान करपवून दाखोलं नाई, म्हनून मले कूलर नाई."

कमलाकाकूंबद्दल सांगायचं राहिलंच. काकाजींपेक्षा एक हात बुटक्या आणि बोलण्यात दोन हात उंच. हात कायम कामात, त्यामुळं त्यांची वाक्यं निवडलेल्या तुरीसारखी एकेक करून पडायची. त्यांना ती पट्टी हवी होती. वांगी, मिरच्या आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावायला. दारात जागा असून सांभाराची जुडी बाजारातून आणावी लागते, याच्याइतकी लाज त्यांना दुसऱ्या कशाची वाटत नव्हती.

तिसरा पावसाळाही कोरा गेला, त्या जानेवारीत काकाजी पंक्चरवालीचे कंद काढत बसले होते. पानं वाळली की ते कंद खणून कोरड्या वाळूत ठेवायचे आणि जूनमध्ये पुन्हा लावायचे. काकूंनी ओसरीवरून पाहिलं आणि मला भिंतीजवळ बोलावलं.

"सुधाकर, तू साक्षीदार. तीन वर्सं झाले, पानं, पानं, अन् पानं. एवढ्या पानात मी गावजेवनाच्या पत्रावळी केल्या असत्या. येत्या दसऱ्यालोक हिले फूल आलं पाह्यजे. आलं तं मी पुन्हा सांभाराचं नाव काढनार नाई. नाई आलं तं सारं उपटाचं. सोनटक्का, घाटवाला, सारं. जागा माही."

मला वाटलं काकाजी हसण्यावारी नेतील. त्यांनी पंच एकदा टिकटिकवला, तीस फूट पट्टीकडं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मंजूर."

म्हणजे सगळी गाडी आता एका पंक्चरवालीच्या भरवशावर. आणि त्या पंक्चरवालीला त्यांनी कुणाच्या ताब्यात द्यावं?

घरात ठेवायची सोय नव्हती. आदल्या वर्षी त्या वाळूत उंदरानं बाळंतपण केलं होतं आणि काकूंनी फर्मान काढलं होतं. म्हणून कंदांची ती सिमेंटची पिशवी काकाजींनी माझ्या वावरातल्या खोलीत आणून ठेवली. पिशवीवर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'राखीव'.

"बाप्पा, हे बेनं नाई. हे पॅसिंजर हाय. नीट सांभाळजो."

"काकाजी, तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलं आहे, तेव्हा तेव्हा समोरच्यानं काळजी करायला हवी होती.

मार्चच्या सुरुवातीला माझी हळद निघाली. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, ओली हळद आधी वाफेवर शिजवतात, मग उन्हात वाळवतात, मग ढोलात घालून घासतात, तेव्हा ती बाजारात जाण्यासारखी होते. शिजवायला भाड्यानं कुकर येतो. म्हणजे चाकांवरची मोठी टाकी आणि चार ढोल. कारकुनाला वर्षातून एकदाच साहेब होण्याची संधी मिळते ती या दिवशी. डोक्याला रुमाल बांधून मी सकाळपासून बायाबापड्यांवर ओरडत होतो. संध्याकाळी शेवटचा ढोल अर्धा भरला तेव्हा कुकरवाल्यानं विचारलं, "अजून काही हाय का सायेब? अर्ध्या ढोलावर वाफ वाया जाते."

मी खोलीत गेलो. कोपऱ्यात पिशवी. तिच्यावरचा 'राखीव' हा शब्द मी स्वतः मोठ्यानं वाचला. मनात म्हणालो, वा रे सुधाकर, हळद राखून ठेवतोस आणि विसरतोस. वाळू झटकली, कंद धुतले, माझ्या हातानं ढोलात टाकले. मजुरांवर ढकलायलाही जागा ठेवली नाही. ढोलातून वाफ निघाली, तिच्यात जरा कापरासारखा वास होता. कुकरवाला म्हणाला, "सायेब, तुमची हळद झाक हाय. वास निराळाच हाय." मी मान डोलावली.

पिशवी झटकून घडी घालायला घेतली, तेव्हा ती अक्षरं उलटी माझ्यासमोर आली. अक्षरं उलटी झाल्यावर मला सरळ वाचता आलं.

कबूल करायला हवं होतं. मी पाच दिवस भिंतीजवळ गेलो नाही. शाळेतही मागच्या रस्त्यानं गेलो. शेवटी जे केलं, ते लिहिताना आजही मान खाली जाते, पण बोटं थांबत नाहीत. मी माझ्या हळदीचं चांगलं निवडक बेणं घेतलं, त्याच वाळूत, त्याच पिशवीत भरलं आणि जूनमध्ये काकाजींच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. दोन्हींचं पान सारखंच. फूल तीन वर्षं आलं नव्हतं, चौथ्या वर्षीही येणार नाही. बाग जाईल, पण ती काकूंच्या हातून जाईल. माझं नाव येणार नाही. असा तो हिशेब होता, आणि त्याची मला तेव्हा लाज वाटली नाही.

काकाजींनी पिशवी सोडली. एक कंद उचलला, नखानं सोलला, नाकाशी नेला. मग माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा कंदाकडं.

"बरं हाय," ते म्हणाले आणि लावायला बसले.

पाऊस बरा झाला. पानं कमरेएवढी आली. मी रोज भिंतीवरून "काय जोमदार आहे पंक्चरवाली" असं म्हणायचो. एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. काकाजी तिला पंक्चरवाली म्हणत नव्हते. "त्याले पानी झालं का?" असं म्हणायचे. त्याले.

पोळा होऊन दोन आठवडे झाले असतील. सकाळी मी दाढी करत होतो. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "सुधाकर, साक्षीदार, इकडं ये."

अर्धी दाढी घेऊन गेलो. दोघंही त्या बेटाजवळ उभे. काकूंनी दोन्ही हातांनी पानं बाजूला केली होती. आत, अगदी बुडाशी, एक तुरा उभा होता. खालून फिकट हिरवा, वर पांढरा, टोकाला गुलाबी छटा, आणि प्रत्येक खवल्याच्या खिशातून एक पिवळं फूल बाहेर पाहत होतं. दव पडलेलं होतं. इतकं देखणं काही मी कधी पाहिलं नव्हतं, असं मी म्हणणार होतो, आणि तेवढ्यात ओळख पटली.

हे फूल मी दर वर्षी पाहत होतो. माझ्या दोन एकरांत ते दर वर्षी शेकड्यानं येतं. आम्ही त्याला पाय लावून पुढं जातो. वाकून पाहायला कुणाला वेळ असतो? आम्ही कंदाकडं डोळे लावून बसलेले. हळदीला फूल येतं, हे हळदीवर जगणाऱ्या माणसाला शेजाऱ्याच्या बागेत चोरीच्या पापातून कळलं.

काकू वाकून पाहत होत्या. खूप वेळ. एक खवला बोटानं उघडून पाहिला. मग सरळ झाल्या, पदराला हात पुसले.

"फूलच हाय," त्या म्हणाल्या. "ठेवा तुमचा बगीचा." आणि आत निघून गेल्या.

मी काकाजींच्या खिशाकडं पाहिलं. पंच तिथंच होता. त्यांचा हात खिशापर्यंत गेला, थांबला आणि परत आला. पट्टीला भोक पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीजवळ जाऊन सगळं ओकलो. ढोल, वाफ, कापराचा वास, बेणं, सगळं. काकाजी खांबाला टेकून ऐकत होते.

"मले जूनमधीच समजलं," ते म्हणाले. "पंक्चरवाली आतून पांढरी रायते. हे पिवळंधम्मक. बिनतिकीट मानूस मांगच्या शिटावर जाऊन डोये मिटून बसला, तरी कंडक्टरले समजते."

"मग बोलला का नाहीत, काकाजी?"

"बोललो असतो तं काय झालं असतं? पंक्चरवाली नाई, म्हंजे फूल नाई. म्हंजे बगीचा गेला. अन् हळद फुलते, हे मले ठाऊक होतं. तुह्या वावराच्या धुऱ्यावरून जाता-येता पाह्यलं होतं." त्यांनी खांबाची टेक सोडली. "बाप्पा, चौतीस वर्सं नोकरी केली. सख्ख्या साळ्याले तिकिटाशिवाय चढू देल्लं नाई. अन् पेन्सनीत बसून माह्या गाडीत बिनतिकीट हळद घेऊन चाललो. तेबी घरच्या बायकोले फसवून."

मी पहिल्यांदाच त्यांचा पंच गप्प पाहिला.

"आता काकूंना सांगायचं?"

"तू तोंड बंद ठेव. तुह्या तोंडाचं आतालोक काही भलं झालं नाई."

आठवड्यानं काकाजींनी स्वतः कुदळ घेतली आणि पट्टीच्या मधोमध विटांची एक ओळ लावली. पुढची अर्धी जागा मोकळी केली. काकूंना म्हणाले, "हे घे. सांभार लाव."

काकूंनी तूर निवडता निवडता विचारलं, "जितल्यावर कोनी जागा देते का?"

"अर्धं तिकीट समज."

काकूंनी आणखी एक अक्षर विचारलं नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण मी आपल्या तोंडाबद्दलच्या शेऱ्यावर रुसलेलो होतो. काकूंचा सांभार छान आला. पुढच्या पावसाळ्यात मुक्कामवाला विटांखालून पुढं सरकला आणि सांभाराच्या वाफ्यात मधोमध उगवला. काकू त्याला शिव्या देत, पण उपटत नसत. सांभार त्याच्या कडेकडेनं लावत.

काकाजी आता नाहीत. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडं अमरावतीला गेले, डोळा चांगला झाला, आणि हिवाळ्यात छातीचं निमित्त होऊन तिथंच गेले. काकू लेकीकडंच असतात. बाग मी सांभाळतो, म्हणजे बाग मला सहन करते. पंच माझ्याकडं आहे. पंक्चरवालीची पट्टी अजून कोरी. यंदा जुन्या जागेपासून हातभर पुढं, भिंतीच्या अगदी बुडाशी दोन पानं वर आली आहेत. त्या जानेवारीत काकाजींनी खणताना कंदाचा एखादा तुकडा मातीत राहून पुढं सरकला असेल, किंवा माझ्याच हळदीचं उरलंसुरलं असेल. दोन एकर हळद करणाऱ्या मला ते ओळखता येत नाही. उकरून, सोलून पाहिलं तर लगेच कळेल. मी हात मागं घेतो. माझ्या हातांचा इतिहास चांगला नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते आमच्या स्टँडवर, अमरावतीला निघाले तेव्हा. मी पिशव्या घेऊन पोचवायला गेलो होतो. गाडी लागली. काकाजींनी आधी गाडीला एक फेरी मारून चारी चाकं पाहिली, मग चढले. काकू खिडकीत बसल्या. कंडक्टर, अगदी कोवळा मुलगा, चहा प्यायला टपरीवर गेला होता. काकाजी आत उभेच, पाय फाकवून, मागच्या शिटापासून बोटानं उतारू मोजत.

काकूंनी खिडकीतून मला जवळ बोलावलं.

"सुधाकर, माह्या माहेरी किती हळद होती, तुले ठाऊक हाय का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"तीन एकर. लग्नालोक मी त्याच फुलाची वेनी माळत होतो. माह्यासारखं त्या फुलाले कोनी ओयखत नाई."

"मग त्या दिवशी काकू तुम्ही..."

"त्यानं पट्टीले भोक पाडलं नाई. तवाच समजलं, त्यालेबी ठाऊक हाय. म्हटलं, आता हा बुढा आपल्याच मनाशी भांडीन, आपल्याले कायले मेहनत?" त्यांनी पिशवी मांडीवर सरळ केली. "सांभार बजारात भेटते. त्याले सांगजो नको. अर्धी जागा परत मांगन."

तेवढ्यात काकाजी मागून खिडकीशी वाकले. खिशातून पंच काढला आणि गजांमधून माझ्या हातात दिला.

"ठेव तुह्यापाशी. खरी आली तं मार. खोटी आली तं," ते एकदा काकूंकडं पाहून हळूच म्हणाले, "तं नुसती पाह्य. पाह्यन्यासारखी रायते."

"काय कुजबुजून राह्यले?" काकू म्हणाल्या.

"काई नाई. पानी टाकाचं सांगून राह्यलो."

मग ते वळले. मोजणी पूर्ण झाली होती. उतारू सगळे बसलेले, दार लागलेलं, वेळ झालेली. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा उजवा हात वर गेला, छताच्या दोरीला लागला आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी दोनदा ओढली. टिंग टिंग. ड्रायव्हरनं मागं न पाहता गिअर टाकला. गाडी हलली.

टपरीवरून तो कोवळा कंडक्टर हातात चहाचा ग्लास घेऊन "अरे, अरे" करत गाडीमागं धावत सुटला. चहा सांडत होता. आणि मागच्या काचेत देवमन काकाजी, एक खांदा खाली, पाय फाकवून, पाठ दांडीला टेकलेली, मोठ्या जबाबदारीच्या चेहऱ्यानं त्याला हातानं खुणावत होते, धाव, पुढं सरक, पुढं सरक.